तलावावरची दुसरी किल्ली

तरणतलाव दुरुस्तीसाठी रिकामा केला तेव्हा मला वाटलं, चला, आता जरा निवांत. कपडे ठेवायची कपाटं पुसायची आणि बसायचं. पण आमच्या नगरपालिकेच्या नव्या मॅडमना माझा निवांतपणा बघवेल तर ना!

मंडईच्या पायऱ्यांवर माणसं झोपतात, ही शहराची जुनी डोकेदुखी. सकाळी त्यांना हाकलायचं, संध्याकाळी ती परत हजर. मॅडम स्वतः जाऊन पायरीवर बसल्या आणि एकेकाला विचारलं, "अडतंय कुठे?"

एक सुतार म्हणाला, "काम मिळतं हो. पण हे कुठे ठेवू?"

हे म्हणजे बायकोचं हाताने चालवायचं शिलाई मशीन. बायको गेली, घर गेलं, मशीन तेवढं उरलं. निवाऱ्यात सामान घेत नाहीत. एकदा ओळखीच्याकडे ठेवलं, तर त्याने परस्पर विकायला काढलं होतं. आता फर्निचरच्या कारखान्यात बोलावलं होतं, पण मालकाने बजावलं होतं, हे धूड घेऊन आलास तर आल्या पावली परत जा.

मॅडम तडक माझ्याकडे. "मावशी, कपाटं रिकामी आहेत, शॉवर चालू आहेत. या लोकांना वापरू दे."

"आणि पोहणारे आले की शिव्या मी खाऊ?" मी तोंडावर म्हटलं. माझी जीभ अशीच आहे. मॅडम हसल्या. म्हणजे ठरलंच होतं.

सोमवारी सुतार आला. आंघोळ केली, मशीन पुसून कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. फाटकापर्यंत गेला, परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं.

"अहो, पाय फुटणार आहेत का त्याला? जा आता!" मी ओरडले.

संध्याकाळी सगळी कपाटं उघडी टाकायची, ही आमची पद्धत. नाहीतर ओल्या कपड्यांचा कुबट वास बसतो. इतकी वर्षं तेच केलंय, हात आपोआप चालतात. जादा किल्ल्यांचा जुडगा घेतला, दारं सताड उघडली आणि फाटकाशी येऊन बसले.

सुतार आला तो केसांत भुसा आणि तोंडभर हसू घेऊन. आत गेला तो बाहेर येईना. मी जाऊन पाहिलं. तो उघड्या कपाटासमोर उभा. मशीन जागच्या जागी होतं, पण त्याचा चेहरा बघवेना.

"ताई, तुम्हीसुद्धा?"

त्याने मशीन उचललं. "उद्यापासून नाही जात मी कामाला."

"खबरदार!" मी दारात आडवी झाले. "चुकले मी, आणि नोकरी तुम्ही सोडणार?" त्याच्या कपाटाची किल्ली जुडग्यातून ओढून काढली. कडी इतकी घट्ट की नख तुटलं. ती त्याच्या हातावर ठेवली. "ही दुसरी. तिसरी नाही. आता मलाही उघडता येणार नाही."

"आणि तुमची पद्धत?"

"ती ओल्या कपड्यांसाठी. मशीन काय पोहून आलंय?"

त्याने दोन्ही किल्ल्या कुलपात फिरवून पाहिल्या. मग मशीन आत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं, दोन्ही किल्ल्या ज्याच्या त्याला द्या.

"आणि दोन्ही हरवल्या तर?"

"कुलूप तोडू. पण त्याच्यासमोर."

मॅडम म्हणाल्या, "तसंच करू."

तसंच झालं. पायऱ्यांवरची आणखी माणसं आली, कामाला लागली. सगळीच नाही, पण लागली. पुढे तलावात पाणी भरलं. पोहणारे कुरकुरले, त्यांना मी पुरून उरले. भिंतीलगतची कपाटांची रांग या लोकांचीच राहिली.

एक दिवस सुतार फाटकातून परत फिरला.

"आता काय विसरलात?"

"काही नाही." त्याने एक किल्ली माझ्या हातावर ठेवली. "ही तुमच्याकडे असू दे, ताई. माझी हरवली, तर मागू कुणाकडे?"

एरवी माझं तोंड बंद राहत नाही. पण मी आधी ती किल्ली परत जुडग्यात ओवली.

"जा, उशीर होईल," एवढंच म्हटलं. तो रिकामे हात हलवत कामाला गेला. या वेळी कुलूप ओढून बघायला काही परत आला नाही.