शिव्यांवर चालणारी गाडी

दापोऱ्याच्या लीलाधरआप्पांनी नवी कोरी मोटर खरेदी केली तेव्हा त्यांची राजधानी नागपूर होती. दोन दिवसांनी, छप्पन सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, ते गाडी घेऊन घरी पोचले तेव्हा राज्यांची नवी वाटणी होऊन राजधानी भोपाळला गेलेली होती. मधल्या काळात आप्पांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. ते फक्त ड्रायव्हर भिकनच्या शेजारी बसून होते.

कंपनीच्या पुस्तकात गाडीला 'पिकअप' म्हटलं होतं. पुढे दोन माणसांची केबिन, मागे माल टाकायला उघडा पत्र्याचा हौदा, आणि मजबुतीबद्दल चार पानं मजकूर. दापोऱ्यात तिला नुसतं मोटर म्हणत, कारण गावात दुसरी नव्हती. दापोऱ्याची केळी आजवर बहादरपूरच्या चुडामणच्या बैलगाड्यांतून बुऱ्हाणपूर स्टेशनवर जात. रस्त्यात गचके खाऊन घड काळे पडत, आणि चुडामणला त्याचं काही वाटत नसे. आप्पांनी सगळ्या बागाइतदारांना जमवून सांगितलं, "आता आपली केळी आपल्या मोटरीत." बागाइतदार म्हणाले, ठीक आहे, पण वॅगन दुपारी तीनला बंद होते. एकदा जरी ती चुकली तरी आम्ही परत चुडामणकडे.

आता पत्र्याच्या हौद्यात केळी नेणं म्हणजे आंघोळीच्या बादलीत पाहुणे बसवणं. आप्पांनी बैलगाड्या बांधणाऱ्या कडू मिस्तरीला बोलावलं. कडूने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, टायरला लाथ घातली आणि विचारलं, "हिचं जू कुठी आहे?" मग त्याने पंधरा दिवसांत हौद्यावर सागवानी साटा, म्हणजे बैलगाडीला असतो तसा लाकडी सांगाडा, चढवला. तो दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला आणि दोन मजल्यांचा होता. घडावर घड दाबू नये म्हणून मध्ये फळ्या, फळ्यांत हवेसाठी फटी. पेट्रोलच्या टाकीचं झाकण बाजूला होतं, ते साट्याच्या खाली गेलं. तिथे कडूने हात जाईल एवढी जागा ठेवली. काम असं देखणं झालं की बहादरपूरचे लोक मुद्दाम पाहायला आले. चुडामणही आला आणि म्हणाला, "छान आहे. बैल कधी जुंपता?"

पहिल्याच खेपेला, बहादरपूरच्या अलीकडे, बरोबर चुडामणच्या गोठ्यासमोर गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

भिकन लढाईच्या दिवसांत बर्माच्या रस्त्यावर लष्कराच्या गाड्या हाकलेला माणूस. तो मशीनला घाबरत नसे, पण मशीनच्या काट्यांवर त्याचा विश्वास नसे. पेट्रोलचा काटा अर्धी टाकी दाखवत होता, तरी त्याने नेहमीप्रमाणे साट्याखाली हात घालून झाकण उघडलं आणि आत तुरकाठी बुडवून पाहिली. काठी अर्धी ओली. पेट्रोल होतं. तेवढ्या वेळात आप्पा रस्त्यात उभे राहून कंपनीला शिव्या देत होते. आप्पा मॅट्रिकपर्यंत शिकलेले असल्यामुळे त्यांच्या शिव्यांना सुरुवात, मध्य आणि शेवट असे. शेवट झाला, भिकनने बटण दाबलं आणि गाडी चालू झाली.

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेलाही तेच. जागासुद्धा फर्लांग-दोन फर्लांग इकडेतिकडे. भरलेली गाडी जाताना थांबे, रिकामी गाडी येताना कधी थांबत नसे. भिकनने कार्ब्युरेटर खोलून धुतला, पेट्रोलच्या पंपातला पडदा बदलला, नळ्या फुंकल्या, प्लग घासले. काही उपयोग नाही. गाडी थांबायची, भिकन तुरकाठी बुडवायचा, आप्पा शिव्या द्यायचे आणि गाडी निघायची. महिन्याभरात पंचक्रोशीत ठरून गेलं की दापोऱ्याची मोटर शिव्यांवर चालते. चुडामण गोठ्यासमोर बाज टाकून बसू लागला. एका खेपेला आप्पांचा घसा बसला होता, तर तो उठून आला आणि म्हणाला, "आप्पा, तुम्ही दमले असाल तर मी देऊ का दोन?"

आप्पा संतापले ते गाडीवर नाही. गाडी बिचारी. ते संतापले कंपनीवर. खरेदीच्या कागदावर तीन महिन्यांची हमी छापली होती: दोष निघाल्यास कंपनी गाडी दुरुस्त करून देईल किंवा परत घेईल. आप्पांनी नागपूरच्या एजन्सीला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं की आपला जिल्हा आता दुसऱ्या राज्यात गेला असल्यामुळे आपण इंदूरच्या एजन्सीकडे जावं. इंदूरने कळवलं की गाडी दुसऱ्या राज्यात विकली गेली आहे, तरी नागपूरला विचारावं.

"दुसऱ्या राज्यात कोण गेलं?" आप्पा ओसरीवर उभे राहून गरजले. "मी गेलो? मी दापोऱ्यातच आहे! बागेतलं एक झाड हललं नही! हेच लोक नकाशे घेऊन पळू राह्यले आणि मले म्हणता तू गेला!"

"हळू बोला," रंभाबाई आतून म्हणाल्या. "मोटर चालू व्हईल."

रंभाबाई म्हणजे आप्पांची बायको. आप्पांचा संताप त्यांनी सत्तावीस वर्षं ऐकलेला होता आणि त्यात वातीला तेल घालावं तसं अधूनमधून काहीतरी घालायची त्यांना सवय होती. केळी भरताना मात्र त्यांच्याशिवाय पान हलत नसे. घड कसा ठेवायचा, खाली किती पानं घालायची, दांडा कुणीकडे करायचा हे त्या सांगत. दांडा नेहमी बाहेरच्या बाजूला, म्हणजे स्टेशनवर उतरवताना हाताला सापडतो. भरून झालं की त्या हाताला गोडंतेल लावून केळीचा चीक काढत बसत, कारण तो एकदा वाळला की कातडी निघते, पण चीक निघत नाही.

आप्पांनी मग नव्या राजधानीतल्या एका कचेरीला लिहिलं. तिथून महिन्याने उत्तर आलं की आपला अर्ज योग्य कारवाईसाठी नागपूरला पाठवण्यात आला आहे. ते पत्र आप्पांनी चौकट करून भिंतीवर लावलं. नागपूरने एक पत्र आणखी पाठवलं. त्यात लिहिलं होतं की उष्ण प्रदेशात पेट्रोलची नळीत वाफ होते आणि गाडी थांबते, तरी पंपावर ओलं फडकं बांधावं. हे पत्र आप्पांनी जानेवारीच्या सकाळी, कानाला मफलर गुंडाळून, शेकोटीजवळ बसून वाचलं. त्या दिवशी त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्यांवर गाडी मुंबईपर्यंत गेली असती.

अखेर हमी संपायला दोन दिवस राहिले असताना इंदूरच्या एजन्सीचे अनंतराव नावाचे निरीक्षक खरोखरच येऊन उतरले. कोटाच्या खिशाला पेन, हातात चामड्याची पेटी, स्वभावाने सरळ. ते म्हणाले, "गाडी भरा, मी बरोबर येतो. थांबली, कारण सापडलं नाही, तर मी दोष लिहून देईन. मग गाडी तिथल्या तिथे सील होईल आणि कंपनी ती घेऊन जाईल."

"लिहून द्याल? सही करून?"

"सही करून."

तीन महिन्यांत आप्पांशी कुणी इतकं नीट बोललं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. "बस, साहेब. मले तेवढंच पाहिजे. चूक कोणाची, ते कागदावर यायला पाहिजे."

गाडी भरली. केबिनमध्ये दाटीवाटीने भिकन, अनंतराव आणि आप्पा. मागे घडांच्या कडेला, अधूनमधून बसत तशा, रंभाबाई, कारण त्यांना बुऱ्हाणपूरला बहिणीकडे जायचं होतं. दोनला पाच कमी असताना, चुडामणच्या गोठ्यासमोर, गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. आप्पांना आयुष्यात प्रथमच गाडी थांबल्याचा आनंद झाला.

भिकन उतरून तुरकाठी काढू लागला. अनंतरावांनी त्याचा हात धरला. "काटा अर्धी टाकी दाखवतोय ना? मग काठ्या घालू नका, टाकीत कचरा जातो." भिकन ओशाळून बाजूला झाला. अनंतरावांनी बॉनेट उघडलं, पेटी उघडली आणि एकेक भाग तपासला. ठिणगी होती. कार्ब्युरेटर स्वच्छ होता. पंप नवा होता. गाडी चालू होत नव्हती.

वीस मिनिटं गेली. रस्त्यावर लोक जमले. चुडामण म्हणाला, "साहेब, तुम्हाले माहीत नही. ही अशी नही चालत. आप्पा, द्या ना."

आप्पा पाहुण्यांसमोर जरा संकोचले, पण सुरू झाले. सुरुवात झाली, मध्य झाला, शेवट झाला. भिकनने बटण दाबलं. गाडी घरघरली आणि गप्प बसली. लोकांत कुजबुज झाली. असं कधीच झालं नव्हतं. आप्पांनी नव्याने सुरुवात करून दोन्ही राजधान्या घेतल्या. तरीही गाडी गप्प.

"लेऽ," चुडामण म्हणाला, "आता शिव्यांनी बी चालेना. साहेब, लिहून टाका. माझ्या चार गाड्या तयार आहेत, केळी तीनच्या आत पोचवतो. बागाइतदारांले सांगतो मी."

अनंतरावांनी घाम पुसला, कागद बॉनेटवर ठेवला आणि पेन उघडलं. 'गाडीत दोष आहे, कारण सापडत नाही,' त्यांनी लिहिलं. आप्पा त्यांच्या खांद्यावरून एकेक अक्षर वाचत होते. सही तेवढी राहिली होती.

तेवढ्यात आप्पांच्या सदऱ्याला मागून ओढ बसली. रंभाबाई होत्या.

"इकडे या जरा," त्या हळू म्हणाल्या. "मले कळलं."

"काय कळलं?"

"भिकन रोज झाकण उघडतो तव्हा फुस्स आवाज येतो. मी मागं बसते तव्हा आयकला ना! आज त्यानं उघडलंच नही." त्यांनी साट्याखाली बोट दाखवलं. वरच्या घडांच्या दांड्यांतून चीक टपटपत होता आणि फळीच्या फटीतून बरोबर टाकीच्या झाकणावर पडत होता. झाकण काळं, चिकट झालं होतं. "त्या झाकणाले बारीक भोक आहे. चिकानं बुजलं. तेलाच्या डब्याले एकच भोक पाडलं तर तेल येतं का? दुसरं पाडावं लागते. हवा आत गेल्याशिवाय तेल खाली कसं येईल? रिकामी गाडी येते तोवर चीक वाळून पापुद्रा सुटतो, म्हणून ती थांबत नही."

आप्पा झाकणाकडे पाहत राहिले. त्यांना सगळं एका क्षणात समजलं, आणि समजल्याचा त्यांना भयंकर राग आला. तीन महिने. सतरा पत्रं. दोन राज्यं. आणि तेलाचा डबा.

"कोणाले सांगू नको," ते पुटपुटले. "सही होऊ दे."

"होऊ द्या. मग मोटर जाईल, केळी चुडामणच्या गाड्यांत जातील, आणि तुम्ही कागद घेऊन घरी या. तोही चौकटीत लावू."

चुडामणची माणसं बैल जुंपू लागली होती. अनंतरावांचं पेन कागदाला टेकलं होतं. आप्पांनी त्या कागदाकडे असं पाहिलं, जसं कुणी निघून जाणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं. मग ते गुडघ्यावर बसले, साट्याखाली हात घातला आणि झाकण फिरवलं.

फुस्स.

"साहेब, थांबा," आप्पा म्हणाले. आवाज त्यांचा, पण कुणीतरी दुसऱ्याने दिल्यासारखा. "भिकन, बटण दाब."

गाडी चालू झाली. लोकांनी आप्पांकडे पाहिलं. आज ते एक शब्दही बोलले नव्हते.

अनंतरावांनी झाकण हातात घेतलं, चीक नखाने खरवडला, भोकातून आभाळ पाहिलं आणि शांतपणे आधीची ओळ खोडली. तिथे त्यांनी लिहिलं: 'दोष नाही. मालकाने गाडीत केलेल्या फेरफारामुळे झाकणावर केळीचा चीक पडतो.' मग म्हणाले, "आप्पा, इथे तुमची सही लागेल."

"फेरफार?" आप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज परत जागेवर आला. "साटा मी केला, ते कबूल. पण केळी मी केली का? आमच्याकडे केळी बापजाद्यांपासून आहे! तिले चीक आहे तोही बापजाद्यांपासून! तुम्ही या मुलखात गाडी विकता, पुस्तकात चार पानं मजबुती लिहिता, आणि झाकणाले भोक आहे हे एका ओळीत लिहिता येत नही?"

"ते सगळ्यांना माहीत असतं, असं कंपनीला वाटलं असेल."

"माझ्या बायकोले माहीत होतं! बाकी कोणाले होतं? तुम्हाले होतं?"

अनंतरावांनी प्रामाणिकपणे मान हलवली. नव्हतं.

आप्पांनी पेन घेतलं, सही केली आणि सहीखाली लिहिलं: 'केळी हा मालकाने केलेला फेरफार नाही.' त्याखाली दोनदा रेघ ओढली.

तीनला दहा मिनिटं असताना गाडी स्टेशनवर लागली. गावी परतल्यावर कडू मिस्तरीने झाकणावर तारेने एक करवंटी उपडी टांगून दिली, आणि मोटर पुन्हा त्या कारणाने थांबली नाही.

पुढच्या खेपेला बहादरपूर आलं. चुडामण बाजेवर वाट पाहत बसला होता. गाडी त्याच्यासमोरून सुरळीत निघाली तसे आप्पा म्हणाले, "भिकन, थांबव."

"चालू राह्यली ना, आप्पा. कायले थांबवू?"

"चालू आहे म्हणूनच थांबव."

ते उतरले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि शिव्यांना नागपूरपासून सुरुवात केली.