बाबांची पाठ

"त्यांच्या पायाला कळत नाहीये," नर्सबाई म्हणाल्या होत्या. "चप्पल मागे राहिली तरी तसेच चालत गेले बघा. घरात सांगून ठेवा."

त्या आमच्या गिऱ्हाईक, गाडी न्यायला आल्या होत्या. मी दुकानाच्या काउंटरमागे ढमीला मांडीवर घेऊन बसले होते. ढमी म्हणजे माझी मुलगी, तेव्हा नऊ महिन्यांची. तिच्या काखेत थर्मामीटर होता आणि मी मनात सेकंद मोजत होते, त्यामुळे मान न वळवताच "हो हो, बघते" म्हटलं. बाबांची एक चप्पल खरंच दाराशी उलटी पडली होती. नर्सबाई गेल्यावर मी ती उचलून त्यांच्या खुर्चीपाशी नेऊन ठेवली आणि विषय संपला असं धरून चालले. थर्मामीटरवर काही नव्हतं. मी पुन्हा लावला.

आमचं दुकान गाडीच्या सीटचं. फाटलेली शिवायची, दबलेला फोम बदलायचा, नवं लेदर चढवायचं. हल्ली निम्मं काम गार सीटचं असतं. या सीटच्या लेदरला टाचणीएवढी भोकं असतात, आत पंखे असतात आणि ते अंगाखालून वारा खेळवतात. त्याच सीटमध्ये, लेदरच्या लगेच खाली, थंडीच्या दिवसांसाठी तापणारी एक जाळीही असते. बटण एकीकडे दाबलं की गार, दुसरीकडे दाबलं की गरम. घामाने आणि पॉलिशने भोकं बुजतात, पंख्यात केस आणि बिस्किटांचा भुगा जाऊन बसतो, आणि मग लोक येऊन सांगतात की सीट नुसती आवाज करते, गार काही होत नाही.

दुरुस्त केलेली सीट आमच्याकडे लगेच गाडीत जात नाही. आधी ती एका लोखंडी स्टँडवर चढवायची, बॅटरीच्या तारा थेट जोडायच्या आणि बाबांनी तिच्यावर अर्धा तास बसायचं. बाबा म्हणजे माझे सासरे. दुकान त्यांनीच उभं केलेलं. हात थरथरायला लागले तशी त्यांनी कात्री नवऱ्याच्या हाती दिली, पण स्टँडवरची जागा सोडली नाही. शिवण कुठे टोचते, फोम कुठे उंच राहिलाय, डाव्या बरगडीला वारा कमी का लागतो, हे त्यांची पाठ सांगायची. पाठीने पास केल्याशिवाय सीट दुकानाबाहेर पडायची नाही, आणि पाठीने पास केली म्हटल्यावर गिऱ्हाईकही पुढे काही विचारायचं नाही.

नवऱ्याने एकदा तापमान मोजायचं यंत्र आणायचं काढलं होतं.

"आण की," बाबा म्हणाले. "मग मला घरी बसव आणि त्याला चार वाजता चहा पाज."

त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गाडीत बसवलेली सीट प्रमाणाबाहेर तापली तर वीज तोडणारा एक डबा गाडीतच असतो. आमच्या स्टँडवर तो डबा नसतो. हे मला माहीत होतं. जेवताना, झोपताना दुकानाच्याच गप्पा ऐकत होते मी, लग्न झाल्यापासून.

उन्हाळा सुरू झाला आणि महिन्याभरात तीन सीट परत आल्या. फोन मी घेत असल्यामुळे पहिल्या शिव्या माझ्या वाट्याला.

"वहिनी, गार सीट म्हणून दिलीत, तवा निघाला," टॅक्सीवाला म्हणाला. "आता फक्त अंडं फोडायचं बाकी आहे."

दुसरी औषधाच्या दुकानातल्या बाईंची, तिसरी एका शिक्षकांची. तिन्हींत पंखा व्यवस्थित घुमत होता. उघडून बघितलं तर एकीत फोममधली वाऱ्याची नळी दुमडलेली, एकीत नवा फोम उलटा बसलेला, आणि तिसरीत डिंक वाहून भोकं आतून बंद झालेली. म्हणजे आवाज होता, वारा नव्हता. आमचा वायरमन, ज्याला सगळे झिरो म्हणायचे कारण अंगाने तो झिरोच्या बल्बएवढा, गिऱ्हाइकांवर खापर फोडून मोकळा झाला.

मी नवऱ्याला म्हटलं, "तिन्ही बाबांनी पास केलेल्या आहेत."

"मग?"

"मग काही नाही. एकदा तूही बसून बघत जा."

"आणि त्यांना काय सांगू? तुमच्या सुनेला तुमच्या पाठीचा संशय आलाय?" तो हसला. "मॅडम, तुम्ही ढमीचा ताप मोजा. बाबांचा नको."

मीही हसले. माझ्या काळजीची घरात थट्टाच व्हायची, आणि तिच्यात तथ्यही होतं. ढमीने रात्रीतून दोनदा कूस बदलली की मला तिसऱ्यांदा का बदलली नाही याची धास्ती. दुधाची बाटली, नखं, टाळू, शी, सगळ्यावर माझा पहारा. काळजी करायला एकच माणूस पुरे, असं मला वाटत असावं.

तो मंगळवार होता. एका मोठ्या गाडीची पुढची सीट तयार होऊन स्टँडवर चढली होती. नवरा माप घ्यायला बाहेर गेलेला. झिरोने तारा जोडल्या आणि दुसऱ्या गाडीखाली जाऊन आडवा झाला. बाबा वर्तमानपत्र घेऊन बसले. ढमी किरकिर करत होती, म्हणून त्यांनीच हात पुढे केले.

"दे इकडे. गार सीटवर झोपेल गुपचूप."

ती झोपली. त्यांच्या मांडीवर आडवी, डोकं त्यांच्या कोपरात, पाय त्यांच्या कमरेच्या मागे, सीटच्या पाठीला टेकलेले. पंखा घूं घूं करत होता. मी फोनवर होते. दहा-बारा मिनिटं झाली असतील. ढमी एकदम अशी किंचाळली की फोन माझ्या हातून सुटला.

मी धावले. तिच्या पायाचे तळवे लालबुंद झाले होते आणि केस घामाने चिकटले होते.

"हिला उकडतंय, बाबा."

"छे, सीट बर्फ आहे. दात येत असतील."

ढमी हातात वळवळत होती. मी तिचे पाय नळाखाली धरले, ओला रुमाल गुंडाळला, फुंकर घातली. पुरळ आहे की मुंगी चावली, की सकाळी घातलेले मोजे घट्ट होते, सगळं मनात येऊन गेलं. पाच पावलांवर ती सीट होती. तिला हात लावून बघावं हे माझ्या मनात आलं नाही. मी ढमीला घेऊन रिक्षाने डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मलम दिलं, दोन दिवसांत उतरेल म्हणाले, आणि उतरलंही.

मी गेल्यावर बाबा तिथेच बसून राहिले. वर्तमानपत्रातलं कोडं अडलं होतं म्हणे. झिरो गाडीखालून बाहेर येईपर्यंत पाऊण तास झाला होता. तारा काढता काढता त्याने विचारलं, "कशी आहे?" आणि बाबा म्हणाले, "पास."

त्यानंतरचे दिवस मला आता एकेक करून आठवतात. बुधवारी बाबा जेवताना खुर्चीत तिरके बसले होते. गुरुवारी त्यांनी स्वतःचे कपडे स्वतः धुतले. "तुला बाळाचं कमी आहे का," म्हणाले. मला ते ऐकून बरं वाटलं. शुक्रवारी चहा अर्धा टाकला. सासूबाई असत्या तर त्यांची पाठ कुणाच्या तरी नजरेला पडली असती, पण त्या जाऊन सहा वर्षं झालेली. आंघोळ करून बाहेर येताना बाबांच्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली असायची.

शनिवारी घरात वास यायला लागला. गोडसर, ओलसर, दूध नासल्यासारखा. मी ढमीच्या बाटल्या उकळल्या. गादी उन्हात टाकली. फ्रीज रिकामा करून पुसला, मोरीत गरम पाणी ओतलं, कपाटामागे उंदीर मेलाय का म्हणून नवऱ्याला कपाट सरकवायला लावलं.

"तुझं नाक आहे की सीबीआय," तो म्हणाला.

सोमवारपर्यंत वास वाढला होता. त्याच दिवशी तो मंगळवारचा गाडीवाला आला. शांतपणे सांगत होता, शिव्या नाहीत काही नाहीत. "गारचं बटण दाबलं की खालून गार लागतं आणि पाठीला गरम. जरा वेळाने बंद पडतं सगळं. दिवा लागतो."

झिरोने सीट उतरवली, पाठीमागचं कव्हर सोडलं आणि तो बघतच राहिला. त्या गाडीत पंख्याचा आणि जाळीचा, दोन्ही प्लग सारखेच पांढरे होते. पाठीच्या भागात त्याच्याकडून अदलाबदल झाली होती. गार लावलं की बसायच्या भागात पंखा चालायचा आणि पाठीच्या भागात जाळी तापायची.

"पण हे कळायला हवं होतं," नवरा म्हणाला. "बाबा पाऊण तास बसले होते हिच्यावर. आणि स्टँडवर तर ही बंदही पडणार नाही, तापतच..."

मी तोवर जिना चढायला लागले होते. आमचं घर दुकानाच्या वरच आहे.

बाबा त्यांच्या खोलीत पालथे झोपले होते. भर दुपारी, खिडकी लावून. वास इथूनच येत होता. मी त्यांना हाक मारली नाही. शर्ट वर करायला गेले तर तो पाठीला चिकटलेला. पाणी लावून लावून सोडवावा लागला. कमरेच्या वर दोन तळहातांएवढी जागा होती, मध्ये काळी, कडेने पिवळी. सीटच्या शिवणीचे चौकोन त्यात उमटलेले दिसत होते.

"दुखत नाही गं," उशीत तोंड खुपसूनच ते म्हणाले. "म्हणून तर सांगितलं नाही."

"कधीपासून कळत नाहीये पाठीला?"

ते उशीतच तुटक तुटक सांगत गेले. तीन वर्षांपूर्वी त्यांचं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, ते आम्हाला माहीत होतं. त्यानंतर कमरेपासून पाय बधिर आहेत, पाठीचा खालचा भाग लाकडासारखा झालाय, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं आणि घरात कुणालाही नाही.

"मग सीट पास कशी करायचात?"

"आवाजावरून. पंखा कसा घुमतो ते ऐकून. तीस वर्षांचा कान आहे, पोरी." मग डोकं किंचित उचलून म्हणाले, "त्याला सांगू नकोस. स्टँडवरून उठवेल मला."

नवरा दारातच उभा होता.

हॉस्पिटलमध्ये आज अकरावा दिवस. मेलेलं मांस दोनदा काढलं. जखम हाडापर्यंत नाही, पण साखर वाढलेली आहे आणि जंतू रक्तात उतरलेत. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "घरी यांच्याकडे कोण बघतं?" नवरा दुकान उघडत नाही. झिरो रोज येतो, व्हरांड्यातल्या बाकावर बसतो, आत यायला धजत नाही.

मी दुपारी इथे असते. ढमी माझ्या आईकडे. बाबांचा ताप सकाळी एकशे एक होता, आता एकशे तीनच्या वर आहे. ओठ सुकलेत. बोलताना मध्येच झिरोला हाका मारतात, कुठली तरी तार नीट लाव म्हणतात. मघाशी मी विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?"

"छान," ते म्हणाले. "गार वाटतंय."

मी घंटा दाबली. सिस्टर येईपर्यंत त्यांचा हात हातात धरून बसले. बोटांची टोकं निळसर होती. सिस्टरनी एक नजर टाकली आणि पळतच डॉक्टरांना आणायला गेल्या. मला बाहेर काढलंय. दाराच्या काचेतून चार पाठमोरी माणसं दिसतात, बाबा दिसत नाहीत.

म्हणून हे इथे बाकावर बसून फोनवर लिहितेय, कारण हातांना काहीतरी हवंय. तुमच्या घरात असं एक माणूस असेल. स्वतःचं स्वतः करणारं, दार लावून कपडे बदलणारं, विचारलं तर मजेत आहे म्हणणारं. हे वाचायचं थांबवा आणि त्यांच्या खोलीत जा. विचारत बसू नका, काय उत्तर येईल ते तुम्हाला ठाऊक आहे. दिवा लावा, त्यांना पाठ वळवायला सांगा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.