जायला सव्वा तास, यायला चार

मित्रांनो, मी एक जुने, किल्लीवर चालणारे गजराचे घड्याळ आहे. पापडी गावात कार्मिनबाईंच्या कपाटावर माझी जागा. माझ्या हिरव्या रंगाचे आता पोपडे निघाले आहेत. पण वेळेच्या बाबतीत मी कधी कुणाचे ऐकून घेतले नाही, आणि त्याचा मला फार तोरा होता.

कार्मिनबाईंच्या नवऱ्याने मला पहाटेच्या पाळीसाठी आणले. तो वारल्यावर मी त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, जेम्सला, शाळेसाठी उठवू लागलो. शहाण्णव साली त्याला मस्कतला नोकरी लागली, तेव्हा बाईंनी मला टॉवेलात गुंडाळून त्याच्या बॅगेत ठेवले. विमानात, अंधारात, मी पावणेतीन तास मोजले. उतरताच जेम्सने माझे काटे दीड तास मागे फिरवले. एवढा अपमान माझा कधी झाला नव्हता. पण तिथे सूर्यच उशिरा उगवतो, त्याला तो तरी काय करणार?

दोन वर्षांनी तो रजेवर आला आणि मला घरीच ठेवून गेला. येतानाही साधारण तेवढाच वेळ लागला होता, मी मोजला होता.

त्याची वापरून झालेली दोन तिकिटे बाईंनी प्रार्थनेच्या पुस्तकात जपली. एकदा चष्मा लावून त्यांनी त्यांवरच्या वेळा वाचल्या आणि माझ्याकडे बघत बोटांवर हिशेब केला. जायला सव्वा तास, यायला चार तास! तिकिटावर प्रत्येक शहराची वेळ त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापतात, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. बाईंची खात्रीच पटली की मस्कत जायला जवळ आणि यायला लांब आहे. मला बोलता येत नाही, याचे तेव्हा फार वाईट वाटले.

पुढे पाच वर्षे जेम्स आला नाही. दर नाताळला रजा नसल्याचे पत्र यायचे. शेजारच्या ॲनीबाई म्हणायच्या, गावातल्या बर्नार्डचा मुलगा तर मस्कतहून दरवर्षी येतो. मग बाई तिकिटे काढून दाखवायच्या. यायला चार तास बसावे लागते, जेम्सची पाठ दुखते, असे सांगायच्या. बाईंना न्यूमोनिया झाला तेव्हाही त्यांनी ॲनीबाईंना जेम्सला फोन करू दिला नाही. एकट्या पडून त्या माझी टिकटिक ऐकत राहिल्या.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात जेम्स आठ दिवसांसाठी आला. जेवताना बाईंनी त्याला तिकिटे दाखवली आणि पाठ फार दुखली का, असे विचारले. तो हसला. मला हातात घेऊन, काटे फिरवून त्याने सगळे समजावले.

"आय, दोन्हीकडे सेम टाइम. तीन तासपण नाही लागत."

मी मनातून नाचत होतो. अखेर खरे बाहेर आले! मग माझी नजर बाईंच्या चेहऱ्याकडे गेली.

"म्हणजे तुला येता येत होतं," त्या म्हणाल्या.

जेम्सने मान खाली घालून भात संपवला.

तो मस्कतला परत गेल्यापासून बाईंनी मला किल्ली दिलेली नाही. नऊ वाजून दहा मिनिटांवर मी थांबलो आहे. खोलीत आता कसलाच आवाज नसतो. मला फार एकटे वाटते, आणि त्यांनाही वाटत असणार.

मित्रांनो, माझ्यासारख्या घड्याळाला एखादे दिवशी किल्ली द्यायची राहिली तरी चालेल. पण घरी कुणी तुमची वाट पाहत असेल, तर त्यांना तासांचा हिशेब समजावत बसू नका. जाऊन भेटा.