कुठला समुद्र घ्यायचा?

"कॅरिबियनच घ्या," बायको म्हणाली. "तिकडचं पाणी कोमट असतं म्हणे. तुमच्या खांद्याला तेवढंच बरं."

"खांद्यासाठी एवढ्या लांब जायचं? त्यापेक्षा घरी शेकतो की."

जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारून मुलीने दोन पुस्तिका उघडून ठेवल्या होत्या. ती एका सहल कंपनीत कामाला होती. तिथल्या लोकांच्या आईवडिलांना वर्षातून एक सहल मिळायची. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं आणि ती सहल वाया जायची. आता पुढच्या महिन्यात ती दुसरीकडे रुजू होणार होती, म्हणजे ही शेवटची संधी. शिवाय बाबा नुकतेच निवृत्त झालेले. तिने मनाशी पक्कंच केलं होतं.

"बाबा, नीट ऐका. भूमध्य समुद्रात पाणी गार, पण काचेसारखं. तीस-चाळीस मीटर लांबचं दिसतं. खडक, गुहा, आणि बुडालेली जहाजं. कॅरिबियनला पाणी ऊबदार, प्रवाळ, रंगीत मासे, कासवं. प्रवास मात्र लांबचा, आणि वादळांचे महिने सोडून जावं लागतं. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत मला काय ते सांगा."

तो भूमध्याच्या पुस्तिकेतल्या एका फोटोवर बोट ठेवून बसला होता. एक मालवाहू जहाज तळाच्या वाळूवर जरासं कलून विसावलं होतं. टोकापासून टोकापर्यंत सगळं दिसत होतं.

गोदीत त्याला सगळे डुबक्या म्हणत. एकतीस वर्षं त्याने बंदराच्या पाण्यात पाणबुड्याचं काम केलं. जहाजाच्या पंख्यात अडकलेली जाळी कापायची, धक्क्याच्या खांबांना भेगा पडल्यात का ते चाचपायचं, पडलेल्या साखळ्या शोधून द्यायच्या. चाचपायचं हाच शब्द खरा, कारण त्या पाण्यात दिसत काहीच नसे. वीतभर खाली गेलं की तपकिरी, आणखी खाली गेलं की काळं. दिवा लावला तर फक्त समोरचा गाळ उजळायचा. शेकडो जहाजांच्या पोटांवरून त्याचे हात फिरले होते. कुठल्या जहाजाचा पत्रा कुठे पिचलाय, कुठला पंखा कितव्या पात्यावर चिरलाय हे तो डोळे मिटून सांगू शकत असे; डोळे उघडून काही फरक पडत नव्हताच. पण खालून अख्खं जहाज त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"हे," तो म्हणाला. "मला हे बघायचंय."

"बुडालेलं जहाज?" बायको म्हणाली. "सुट्टीवर जाऊन तेच? जन्मभर जहाजांनी पोट भरलं नाही वाटतं!"

"आणि बाबा, एक अडचण आहे," मुलगी हसू दाबत म्हणाली. "तुमच्याकडे पर्यटकांचं पाण्याखाली उतरायचं कार्ड नाही. आधी तलावात चार दिवस शिकावं लागेल. नवशिक्यांबरोबर."

"मला शिकवणार? कोण?"

"असेल कोणीतरी पंचवीस वर्षांचा."

त्यावर तिघंही मनापासून हसली. त्या घरात तसं हसू पुन्हा फुटायला बरेच दिवस जावे लागले.

वादात आणखी एक माणूसही होता. त्याचं नाव लंगर. डुबक्या पाण्यात असताना काठावर दोर धरून बसायचं, हे त्याचं काम. एकदा बसला की हलायचा नाही, म्हणून लंगर. खालचा आणि वरचा एकमेकांशी दोरानेच बोलत. वरून एक झटका म्हणजे 'ठीक आहेस ना?', खालून उलट एक झटका म्हणजे 'ठीक आहे', चार झटके म्हणजे 'वर ओढ'. लंगरला सहलीचं कळलं तेव्हा त्याने तडक निकाल दिला.

"कॅरिबियन. मुडद्यासारखी पडलेली जहाजं काय बघायची? जिवंत काहीतरी बघ. मासे बघ."

"माशाला काय बघायचं? ताटात रोज दिसतो."

"तू ना, डुबक्या, सुखाला पारखाच."

दोन आठवडे हे भांडण चाललं. फोनवर, दुकानाच्या रांगेत, गोदीच्या फाटकाबाहेरच्या बाकावर. दोघांनाही त्यात मजा येत होती.

सहलीच्या अर्जाला डॉक्टरचा दाखला जोडायचा होता. डुबक्या नव्या चपला घालून गेला. खांदा दुखतो म्हणून डॉक्टरने क्ष-किरण फोटो काढायला लावला, आणि खांद्याच्या फोटोत छातीचा जो कोपरा आला होता त्याच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग छातीचा वेगळा फोटो झाला, त्यानंतर मोठ्या यंत्रातली तपासणी. तिसऱ्या दिवशी डॉक्टरने त्याला समोर बसवलं.

"फुप्फुसावर हवेचा एक फुगा तयार झालाय. लिंबाएवढा. एरवी काही होणार नाही. पण पाण्याखाली गेलात, आणि वर येताना आतली हवा फुगली, तर हा फुटेल. मग कोणी काही करू शकणार नाही."

"किती खोल चालेल?"

"खोल नाही आणि उथळ नाही. आता पाण्याखाली जाणं बंद."

"एकदाच जायचं होतं, डॉक्टर."

"एकदाच पुरेल त्याला."

डुबक्याने मान हलवली. डॉक्टर कागदावर लिहीत विचारू लागला.

"सिगारेट?"

"कधीच नाही."

"कामावर असताना कधी एकदम वर यावं लागलं होतं? घाईघाईत? नंतर खोकल्यातून रक्त वगैरे?"

डुबक्या टेबलावरच्या पेनाच्या टोपणाकडे बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला.

अकरा वर्षांपूर्वी क्रेनवर काम करणारा एक यारीवाला तोल जाऊन धक्क्यावरून पाण्यात पडला होता. डुबक्याला खाली सोडलं ते जीव वाचवायला नव्हे, ती वेळ टळून गेली होती. चौदा मीटरवर, गाळात, चाचपडत असताना त्याच्या हाताला एक हात लागला. ताठरलेला. बोटं एका तारेत अडकली होती. ती ओढून काढणं त्याला जमेना, म्हणजे जिवावर आलं. तो एकेक बोट हळूहळू सोडवत बसला. त्या नादात वरून आलेला झटका त्याला कळला नाही. दुसरा आला, तोही कळला नाही. तिसऱ्यालाही उत्तर मिळालं नाही. एक गेलाच आहे, आता हाही गेला, असं वाटून वर लंगरने सगळं बळ लावून दोर ओढला. दचकून डुबक्याने श्वास रोखला, आणि तसाच तो चौदा मीटर वर आला. धक्क्यावर आडवा पडून खोकला तेव्हा तोंडातून गुलाबी फेस आला.

त्याही स्थितीत, तासाभराने, उरलेली तीन बोटं सोडवायला तो पुन्हा खाली गेला. ते माणूस त्याने वर आणलं.

चूक कोणाची नव्हती. लंगरने केलं ते नियमाला धरूनच होतं. पण त्या दिवसानंतर लंगरचे हात कापायला लागले. महिन्याभरात त्याने दोराचं काम सोडलं आणि गोदामात सामान मोजायला बसला. आठवड्यातून एकदा तरी तो डुबक्याला विचारायचा, "छातीत दुखत नाही ना रे?" अकरा वर्षं विचारत होता. डुबक्या दर वेळी म्हणायचा, "दुखतंय. तुझं तोंड बघून."

घरी आल्यावर त्याने सगळं सांगितलं. मुलगी आधी रडली, मग गोदीच्या डॉक्टरांवर चिडली.

"दरवर्षी तपासणी व्हायची ना तुमची?"

"नळी लावायचे आणि सही करायचे. मीही तेवढ्यात खूश असायचो."

मुलगी आत गेल्यावर बायकोने हळूच विचारलं, "त्या दिवशीचं आहे का हो?"

"कोणास ठाऊक."

"मला ठाऊक आहे. शर्ट मी धुतला होता."

"मग आता तो धुतलेलाच राहू दे," तो म्हणाला.

शुक्रवारी मुलीने पुन्हा विचारून बघितलं. पाण्यात नाही तर नुसतं किनाऱ्यावर बसा, होडीतून फिरा, आईला तरी हवापालट होईल. बायको म्हणाली, मला नको. तो म्हणाला, काठावर बसायला आपला धक्का आहे की. सहल कंपनीतल्या कोणा दुसऱ्याच्या आईवडिलांना गेली. त्यांनी कुठला समुद्र घेतला ते त्याने विचारलं नाही.

रविवारी सकाळी लंगर आला. खुर्चीत टेकायच्या आधीच त्याने विचारलं.

"मग? काय ठरलं? भूमध्य म्हणालास तर मी इथूनच परत जातो."

"कुठेच नाही. रद्द झालं."

"रद्द? असं कसं रद्द? का?"

"डॉक्टरने दाखला दिला नाही."

लंगर सावकाश खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कोणी पुसून काढावं तसं गेलं. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली सरकवले.

"छाती?" त्याने विचारलं.

"हं."

"खरं सांग, डुबक्या. तुला माझी शपथ आहे. तेव्हाचंच ना? मी ओढलं तेव्हाचं?"

"काहीतरीच काय बोलतोस! सिगारेट. सिगारेटने झालं, म्हणाला डॉक्टर."

"तू कधी सिगारेट ओढलीस?"

"तरुणपणी."

"तू बावीस वर्षांचा असल्यापासून मी तुला ओळखतो."

बुडालेल्याला शोधताना डुबक्याचे हात कधी गडबडले नव्हते, पण खोटं बोलण्याचा सराव नव्हता. तो नुसता खिडकीकडे बघत राहिला आणि लंगर त्याच्याकडे.

चहाचे कप घेऊन बायको दारात उभी होती. ती कधीपासून उभी होती कोणास ठाऊक. तिने कप टेबलावर ठेवले, पदराला हात पुसले आणि लंगरला म्हणाली,

"तुम्हाला कुठून कळणार, भाऊजी? चोरून ओढायचे. मागच्या गॅलरीत, दिवसाला एक पाकीट. पोरगी झाली तेव्हा मी तंबी दिली, एक तर पोरीला घ्या नाहीतर सिगारेट घ्या, तेव्हा कुठे सुटली. सोडली खरी, पण आतून व्हायचं ते होऊन बसलं होतं. डॉक्टरने मलाही ऐकवलं, आधी का नाही आणलंत म्हणून."

तिने हे सगळं एका दमात, साखरेचा डबा सरकवत सांगितलं. नवऱ्याकडे एकदाही बघितलं नाही.

लंगरने मांडीखालून एक हात काढून तोंडावरून फिरवला.

"चोर लेकाचा," तो म्हणाला. "एवढी वर्षं बरोबर काढली आणि पत्ता लागू दिला नाहीस."

"सांगण्यासारखं होतं का ते?"

"अरे, मी अकरा वर्षं..." लंगर एवढंच म्हणाला आणि थांबला. त्याने कप उचलला. चहा बशीत सांडला, पण त्याने तो प्यायला. अर्धा कप झाल्यावर तो खुर्चीत मागे रेलला. या घरात तो इतका सैलावून बसलेला बायकोने कधी पाहिला नव्हता.

"एक सांगू?" लंगर म्हणाला. "गेला असतास तरी भूमध्य चुकीचाच होता. थंडगार पाणी आणि गंजलेले पत्रे! कॅरिबियनच. तिथले मासे म्हणे माणसाला घाबरत नाहीत. येऊन हाताला लागतात."

डुबक्याने चहाचा घोट घेतला. छातीत काही दुखत नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "तुझंच बरोबर होतं."