खाणीकडची वाट

"मावशी, त्या वाटेने तुम्ही रोज कशासाठी जायचात?" वकिली शिकणाऱ्या मुलीने पुन्हा विचारलं.

"सांगितलं ना, फिरायला."

नर्सबाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. कॉलेजच्या मागच्या एका वर्गात विद्यार्थ्यांचं मोफत कायदा सल्ला केंद्र चालायचं. त्यांचे सर कोर्टात उभे राहायचे, बाकी सगळी धावपळ विद्यार्थ्यांची.

वस्तीमागून जुन्या, पाण्याने भरलेल्या दगडखाणीकडे जाणारी पायवाट नव्या मालकाने तारेचं कुंपण घालून बंद केली होती. पहिल्या दिवशी अख्खी वस्ती फाटकापुढे ठाण मांडून बसली. मग मालकाने काहींना कामावर घेतलं, काहींना दम दिला, आणि एकेकाने अंग काढून घेतलं. निवृत्त झालेल्या नर्सबाई तेवढ्या बसून राहिल्या. पोलिसांनी दंडाला धरून उठवलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"जमीन त्यांचीच राहील," मुलगी म्हणाली, "पण इतकी वर्षं उघडपणे वापरलेल्या वाटेवर वस्तीचा वहिवाटीचा हक्क आहे. फक्त कोर्टात तसं सांगणारं कुणीतरी हवं."

ती दारोदार फिरली. चहा सगळीकडे मिळाला, साक्षीदार कुठेच नाही. शेवटी खाणीवरच्या म्हाताऱ्या राखणदाराचा पत्ता लागला. लेकीकडे राहायला गेलेल्या त्या म्हाताऱ्याकडे ती इतक्या खेपा घालत राहिली, की तोच वैतागून म्हणाला, "येतो बाई. तुझ्या चपला तरी वाचतील."

कोर्टात राखणदार नीट बोलला. "रोज संध्याकाळी जायच्या. झोपडीतून दिसायच्या मला. कधी कुणी अडवलं नाही. दोघी जायच्या."

"दोघी?" मालकाच्या वकिलाने कान टवकारले.

"ह्या आणि एक लहान पोर. केस ओलेच असायचे तिचे, थंडीतसुद्धा. मनात यायचं, पुसावेत की जरा, पडसं होईल पोरीला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. वकिलाने म्हाताऱ्याच्या नजरेवरून बरंच काही सुनावलं. न्यायाधीशांनी एवढंच विचारलं, "पण ह्या बाईंना पाहिलंत, हे नक्की?"

"नक्की, साहेब. अगदी समोरून."

बाहेर आल्यावर नर्सबाई बाकावर बसल्या. "त्या राखणदाराला कुणी सांगितलं?"

"काय, मावशी?"

"धाकटी बहीण माझी. लहानपणीच त्या खाणीत बुडाली, सापडलीच नाही. हा राखणदार तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी कामाला लागला. मला कधी दिसली नाही गं ती. इतक्यांदा गेले, एकदाही नाही."

मुलगी त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

निकाल वस्तीच्या बाजूने लागला. कुंपण तोडलं त्या दिवशी अंग काढून घेतलेलेच सगळ्यांच्या पुढे होते. हसत, एकमेकांना ढकलत लोक वाटेने निघाले, आणि वाट संपली तिथे थबकले.

खाण नव्हती. खटला चालू असताना मालकाने पलीकडच्या बाजूने ट्रक आणून ती बुजवून टाकली होती. जमीन त्याची होती. कोर्टात वाद होता तो फक्त वाटेचा.

मुलीचे डोळे भरून आले. "मावशी, चुकलंच माझं. खाण बुजवायलाही आधीच मनाई मागायला हवी होती..."

"तुझं काही चुकलं नाही. मीच सांगितलं नव्हतं ना काही." नर्सबाई सपाट मातीकडे बघत होत्या. "पाणी होतं तोवर वाटायचं, येईल वर."

लोक एकेक करून परतले. नर्सबाई खाली बसल्या. भरावाच्या मातीत काचा होत्या, विटांचे तुकडे होते, गंजलेल्या तारा होत्या. त्यांनी एक काच उचलली, बाजूला ठेवली. मग दुसरी.

मुलगी जरा वेळ उभी राहिली. मग पिशवी खांद्यावरून उतरवून तीही शेजारी बसली आणि मातीतून एक तार ओढून काढू लागली.

"जपून," नर्सबाई म्हणाल्या. "हाताला लागेल."