डेडेआजीचे हिरवे हात

वडापच्या गाड्यांच्या तळावर त्या मंगळवारी दोन रांगा लागल्या होत्या. एक गारीची, दुसरी देवाची. गारी म्हणजे कसावाच्या कंदाचा भाजलेला रवा. तो घरात असला की माणूस उपाशी मरत नाही, एवढी साधी गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक. राजधानीत कोरोनाचे रुग्ण सापडल्याचं रेडिओने सांगितलं आणि दोन दिवसांत बाजारातली गारी, तांदूळ, साखर, डब्यातले मासे सगळं गायब झालं. ज्यांच्या घरी एक पोतं होतं ते दुसऱ्यासाठी भांडत होते, आणि ज्यांच्या घरी काहीच नव्हतं ते भांडायलासुद्धा उशिरा पोचले. दहाच्या सुमाराला गारीची रांग मोडली. देवाची मात्र वाढत गेली, कारण देवाचा माल संपत नसतो.

देवाचा माल विकायला बसला होता संदेष्टा ओबेड. पांढरा सूट, पांढरे बूट, गळ्यात कर्णा. समोर टेबलावर काचेचं भांडं आणि त्यात फिकट लाल पाणी. प्रत्येक माणसासाठी पांढऱ्या झग्यातली एक बाई भांडं नव्याने भरत होती.

"रोग डोळ्यांना दिसत नाही म्हणतात ना?" ओबेड कर्ण्यातून गरजत होता. "अरे, तुमच्या डोळ्यांना नाही दिसत! ताप मोजायच्या यंत्राला सेल लागतो, माझ्या पाण्याला फक्त विश्वास लागतो. घाला हात! लाल राहिलं तर देवाने तुम्हाला झाकलंय. हिरवं झालं तर पाहुणा अंगात शिरलाय!"

आणि खरोखर कुणाचं पाणी लाल राहत होतं, तर कुणी हात घालताच बोटांभोवती हिरवट धूर पसरावा तसा रंग सुटून भांडं हिरवं होत होतं. लोक मागे सरत, बायका तोंडाला पदर लावत. मग ओबेड एक छोटी बाटली विकायचा. तिच्यातलं पाणी ओतलं की भांडं पुन्हा लाल. सुटका झाली म्हणून माणूस रडायचा, आणि त्याच्या मनगटावर लाल फीत बांधली जायची.

मामले नावाची बाई रांगेच्या कडेने सोबोलो विकत होती. लाल अंबाडीची वाळकी बोंडं उकळून, आलं-लवंग घालून केलेलं हे सरबत गावात तिच्याइतकं चांगलं कुणी करत नाही, असं तिची आई सांगायची आणि गिऱ्हाईकंही नाकारायची नाहीत. तिची पाळी आली तेव्हा तिने टोपली खाली ठेवली आणि हात घातले. पाणी लाल राहिलं. फीत मिळाली.

मागे तिची आई होती. सत्तरी ओलांडलेली डेडेआजी. तळाच्या फाटकाशी दवाखान्याच्या नर्सने नळ लावलेली बादली ठेवली होती आणि रांगेतले निम्मे लोक त्या बादलीकडे न बघताच आत शिरले होते. डेडेआजी मात्र थांबली. कमरेला बांधलेल्या फडक्यातून केळीच्या सालींच्या राखेचा काळा साबण काढून तिने मनगटापर्यंत हात घासले. हे तिला मामलेनेच शिकवलं होतं. फक्त हात खळबळताना आजीने नळ जेमतेम सोडला. विकतच्या पाण्यावर जन्म काढलेली बाई, तिला पाणी सांडवतच नसे.

तिने हात घातले आणि भांडं गर्द हिरवं झालं.

एक बाटली ओतली. हिरवं. दुसरी ओतली. जरा निवळलं, पण पुन्हा हात घालताच हिरवं.

"हट्टी आहे पाहुणा," ओबेड हलक्या आवाजात म्हणाला, आणि तो हलका आवाजच लोकांना जास्त लागला.

"बाबा, मला ताप नाही, खोकला नाही," आजी म्हणाली. "सकाळी वाडगाभर लापशी खाल्लीये मी."

"आजी, सैतान आधी भूकच वाढवतो."

लोकांनी माना डोलावल्या. भूक मेली असती तरी त्यांनी माना डोलावल्याच असत्या.

पुढे जे झालं ते भराभर झालं. मान्ये आकुयो तिथेच उभी होती. मान्ये म्हणजे बाजारातल्या बायकांची राणी. तिने नाही म्हटलं की बाजारात मिरचीसुद्धा विकली जात नाही. तिच्या मनगटावर फीत होती. ती म्हणाली, "फीत नसेल त्याला माझ्या बाजारात मीठही मिळणार नाही." ओबेडने सांगितलं, हट्टी पाहुण्याला गावाबाहेरच्या प्रार्थनेच्या छावणीत पाच दिवस ठेवावं लागेल. अन्न नाही, पाणी नाही. पाहुणा उपाशी मेला की माणूस मोकळा. मामलेचा थोरला भाऊ तेये वडापची गाडी चालवायचा. त्याने दार उघडून दिलं.

"दादा, ती पाच दिवस बिनपाण्याची कशी राहील?" मामलेने विचारलं.

"मग काय घरात ठेवू? माझी तीन पोरं आहेत. तुझ्या हातावर फीत आहे, तुला काय होतंय बोलायला."

मामले गप्प बसली. हे तिने नंतर कुणापासून लपवलं नाही. फीत होती म्हणून तिचा सोबोलो खपत होता, आणि आपण फार बोललो तर फीत जाईल, ही भीती तिच्या मनात आई गाडीत चढेपर्यंत होती. आजी चढताना एवढंच म्हणाली, "माझा साबण दे गं." झग्यातल्या बाईने तो आधीच काढून घेतला होता.

दोन दिवस मामलेने चूल पेटवली नाही. पेटवून करणार काय, बाजारात अंबाडीचं बोंड नव्हतं. आपलाच घोर एवढा होता की त्याचं तिला नवलही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पातेलं घासायला बसली. तळाशी मंगळवारचा लाल गाळ राहिला होता. तिने थोडं पाणी ओतलं, काळा साबण लावलेला हात आत घातला, आणि पाणी हिरवं झालं.

हे तिने काही पहिल्यांदा पाहिलं नव्हतं. वीस वर्षं ती हीच पातेली ह्याच साबणाने घासत होती आणि वीस वर्षं गटारात हिरवंच पाणी जात होतं. भाकरी करणारीला पिठाचा रंग दिसत नाही, तसं तिचं झालं होतं. ती हात पातेल्यात तसाच ठेवून बसून राहिली. मग उठली, उरलेला गाळ पाण्यात कालवून फिकट केला आणि दोन वाट्यांत ओतला. एका वाटीत साबण पार धुऊन काढलेलं, कोरडं बोट घातलं. लाल. दुसऱ्या वाटीत साबणाचं. हिरवं. घरातलं शेवटचं लिंबू त्यात पिळलं. पुन्हा लाल.

"अगं आई गं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. जे हात धुवायला तिने शिकवलं होतं, त्याच हातांनी आईला छावणीत पोचवलं होतं.

रडून झाल्यावर ती अंबाडीच्या व्यापाऱ्याकडे गेली.

"बोंडं? कुठली बोंडं? गेल्या आठवड्यात एक पांढऱ्या झग्यातली बाई तिन्ही पोती घेऊन गेली. लिंबंही तिनेच उचलली. मी म्हटलं, लोक गारी भरतायत आणि ही सरबत भरतेय. पण पैसे रोख होते."

तिथून ती थेट मान्ये आकुयोच्या गाळ्यावर गेली. बरोबर वाडगा, साबण आणि गाळाच्या पाण्याची बाटली होती.

"मान्ये, तुझ्या हातांचं पाणी लाल राहिलं होतं ना?"

"राहिलंच होतं. देवाची कृपा."

"ह्यात घाल." मान्येने घातले. लाल. "आता साबणाने धू आणि पुन्हा घाल."

"मला कामं आहेत, मामले."

"माझी आई तीन दिवस तहानलेली आहे. तुला हात धुवायला वेळ नाही?"

मान्येने तिच्याकडे पाहिलं, साबण घेतला, हात चोळले, जरासे खळबळले आणि बुडवले. वाडगा हिरवा झाला. शेजारच्या टोमॅटोवाल्या बाईने मान्येपासून दोन पावलं मागे घेतली. ती दोन पावलं मान्येला फार लागली.

"म्हणजे हात धुतले तेवढ्यात मला रोग झाला?" ती सावकाश म्हणाली.

"नाही. तेवढ्यात तुझे हात स्वच्छ झाले."

त्या दोघी तळावर गेल्या आणि त्यांच्यामागे अर्धा बाजार गेला. ओबेडची रांग अजून होती. फाटकाशी नर्सची बादली मात्र भरलेली तशीच पडून होती. साबणाने हात धुणाऱ्यांचंच पाणी हिरवं होतं हे लोकांनी हेरलं होतं आणि त्यातून एकच अर्थ काढला होता, की साबण अशुभ आहे. रोग दाराशी आलेला असताना एका गावाने हात धुणं सोडलं होतं.

मामलेने ओबेडच्या भांड्यात बोट बुडवून चाटलं. "आलं नाही, लवंग नाही," ती मोठ्याने म्हणाली. "सोबोलो म्हणून विकलंस तर कुणी एक पैसा देणार नाही."

"सैतानाने हिची जीभ धरलीये!" ओबेड ओरडला.

"असेल. तू संदेष्टा आहेस, तुला कसलं भय? हा घे साबण. हात धू आणि तुझ्याच पाण्यात घाल."

"देवाच्या माणसाच्या हातांना साबण लागत नाही."

"त्याला धुवायला लावा," मान्ये म्हणाली. फार मोठ्याने नाही. चार मासेवाल्या पुढे झाल्या. त्यांनी मनगटं धरली, साबण चोळला आणि दोन्ही हात भांड्यात दाबले.

भांडं हिरवं झालं. इतकं हिरवं त्या तळावर कुणाचंच झालं नव्हतं.

कुणी हसलं नाही. कुणीतरी मनगटावरची फीत सोडली, मग दुसऱ्याने. झग्यातली बाई केव्हाच पसार झाली होती. ओबेडला पोलीस येईपर्यंत गारीच्या रिकाम्या गोदामात कोंडला. मामले त्यासाठी थांबली नाही. ती तेयेच्या गाडीत बसली आणि त्याने कुठेही न थांबता गाडी हाकली.

छावणी म्हणजे पत्र्याची शेड, मार्चच्या उन्हात तापलेली. तिथे नऊ माणसं होती. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की आपण हात धुतले आणि आपण पापी आहोत. आजी भिंतीशी पडली होती, ओठ चिरलेले. मामलेने ओल्या फडक्याने ते टिपले. आजीने डोळे उघडले, मुलीला ओळखलं आणि स्वतःचे तळहात तिच्यापुढे धरले.

"तीन दिवस धुतले नाहीत," ती म्हणाली. "आता घाल पाण्यात. आता लाल होईल."

दवाखान्यात नर्सने तपासलं. ताप नव्हता, छाती स्वच्छ होती. मूत्रपिंडं मात्र पाण्यावाचून बंद पडली होती. डेडेआजी शनिवारी गेली. एरवी तिच्या मयताला चारशे माणूस जमलं असतं, ढोल वाजले असते. सरकारी हुकुमामुळे पंचवीस जण आले. तेये दफनभूमीच्या कुंपणाबाहेरच उभा राहिला. त्याला आत ये असं कुणी म्हटलं नाही, आणि येऊ नको असंही नाही.

त्यानंतर रोग गावात आला. फिती बांधून गळ्यात गळे घालणाऱ्यांच्या घरांत आधी शिरला. मान्ये आकुयो तीन आठवडे अंथरुणाला खिळली आणि उठली ती अर्धी होऊन. ओबेड जामिनावर सुटला. शेजारच्या जिल्ह्यात तो आता ताप उतरवणारं तेल विकतो म्हणतात, आणि घेणारे घेतातही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. कुत्र्याला हाकलून काय होणार? दळणाऱ्याने डोळे उघडायला नकोत का?

झग्यातल्या बाईने दडवलेली अंबाडीची पोती सापडली, तेव्हा मामलेने पुन्हा चूल पेटवली. तिच्या गाळ्यापुढे आता नळाची बादली आहे, काळा साबण आहे आणि काचेच्या भांड्यात फिकट लाल पाणी आहे. हात साबणाने चोळायचे आणि खळबळण्याआधी एक ओलं बोट त्यात बुडवायचं. पाणी हिरवं झालं तरच सोबोलो मिळतो. लाल राहिलं तर परत बादलीकडे. मान्येलासुद्धा सूट नाही.

परवा परगावचा एक ट्रकवाला आला. भांडं हिरवं झालेलं पाहून त्याचा चेहरा उतरला.

"हे कुठल्या संदेष्ट्याचं पाणी, बाई?"

"कुठल्याच नाही. अंबाडीचं आहे. तुझ्या हाताला साबण लागलाय म्हणून हिरवं झालं, लिंबू पिळलं की लाल होईल. घरी जाऊन करून बघ. आणि कुणी चमत्कार दाखवला की आधी विचार, बाबा, हे कशाचं पाणी आहे?"

"आणि त्याने नाही सांगितलं तर?"

मामलेने बाटली भरून त्याच्या हातात दिली.

"माझ्या आईच्या वेळी मी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "तू विचार."