ओनर टॅन्सीची पत्रं

फिन्टन गार्वीनं किलब्रॅकनमध्ये तीस वर्षं टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर चार महिने घरात बसला, बायकोच्या पायांत घोटाळला, आणि मग पुतण्याची सोळा जणांची गाडी चालवायला लागला. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांना घेऊन निघायचं, पडका मठ, पवित्र विहीर, तळं दाखवायचं आणि शेवटी धबधब्यापाशी चहा. वाटेत तोंडाचा पट्टा चालू.

"या गावातलं एक दार असं नाही, ज्यातून मी पत्र टाकलं नाही," तो आरशातून मागं बघत म्हणायचा. "कोणाच्या घरी कसला रस्सा शिजतोय, ते पाकिटाच्या वासावरून सांगेन!"

लोक हसायचे. सगळ्यात जास्त हसायचे ते टेकडीवरच्या, छप्पर गेलेल्या घरापाशी. तिथं फिन्टन गाडी उभी करायचा आणि आवाज खाली आणायचा.

"इथं ओनर टॅन्सी राहायची. चेटकीण! मे महिन्याच्या पहिल्या पहाटे शेजाऱ्यांच्या कुरणातलं दंव फडक्यानं टिपून आणायची. मग काय, शेजारी घुसळून घुसळून मरायचे, आणि लोणी यायचं हिच्या मडक्यात. माझ्या काकाची गाय तर हिला बघून उलटी चालायची."

जूनमधल्या एका मंगळवारीही लोक हसले. खिडकीशी बसलेली एक सत्तरीची बाई तेवढी हसली नाही. कॉव्हेंट्रीहून एकटीच आलेली, बोलणं इंग्लंडकडचं. ती त्या घराकडं बघत राहिली. फिन्टनला वाटलं, हिला ऐकू कमी येत असेल.

धबधब्यापाशी बाकीचे फोटो काढायला खाली उतरले, तेव्हा ती त्याच्याजवळ आली.

"माझी आई लोणी दुकानातून आणायची," ती म्हणाली. "आमच्याकडं गाय नव्हती."

फिन्टनच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "तुम्ही..."

"नोरीन. ओनर टॅन्सीची मुलगी. सतराव्या वर्षी गेले इंग्लंडला."

कानाच्या पाळ्यांपर्यंत तो लाल झाला. "माफ करा हो. गंमत म्हणून सांगतो. लोकांना आवडतं."

"ते कळलं मला. हसत होतेच की सगळे." तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुम्ही टपाल वाटायचात म्हणालात. फिन्टन म्हणजे तोच ना? आईला वाचता यायचं नाही. तिला माझी पत्रं वाचून दाखवायचा, तिची लिहून द्यायचा, तो?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मग त्या गोष्टीचं राहू द्या," नोरीन म्हणाली. "मला तुमचे आभार मानायचे होते. कितीतरी वर्षं मनात होतं."

यापेक्षा तिनं चहा तोंडावर फेकला असता तर बरं झालं असतं. फिन्टनला "त्यात काय मोठंसं" म्हणता आलं असतं. लोक वर येत होते, कोणीतरी त्याला हाक मारत होतं. पण ती त्याच्याकडं इतक्या मायेनं बघत होती, की त्याच्यानं ते घेववेना.

"आभार मानू नका," तो म्हणाला. "शेवटची दोन वर्षं मी वर गेलोच नाही."

"कुठं वर?"

"घरी. टपालाची व्हॅन आली, आणि ती त्या चिखलाच्या वाटेनं चढेना. पायी जायचं म्हणजे पाऊण तास. तुमच्या आईकडं गेलं की चहा आला, पाव आला, पत्र दोनदा वाचायचं, मग उत्तर लिहायचं. मी तेव्हा लग्नाच्या गडबडीत. वाटेच्या तोंडाशी पत्र्याची पेटी ठोकली आणि पत्रं त्यात टाकत गेलो."

"दुसरं कोणी वाचून..."

"वाचता येत नाही हे तिनं गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. फक्त मला ठाऊक होतं."

नोरीननं कठडा धरला. "माझं ऑपरेशन झालं ते त्या पत्रांत होतं. का येता येत नाही, ते होतं. तिची उत्तरं बंद झाली तेव्हा मला वाटलं, ती रागावली. मीही मग ताठले. पुढची पत्रं कोरडीच लिहिली." ती पुटपुटली, "म्हणजे तिला वाटलं असेल, मी विसरले."

फिन्टन एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण आता तोंड उघडलंच होतं.

"ती गेली तेव्हा शवपेटी उचलायला मी होतो. तिच्या घरी फडताळात निळ्या ताटल्यांमागं तुमची पत्रं होती. अकरा. रिबिनीनं बांधलेली, एकही न फोडलेलं. कोणी विचारेल म्हणून कोटात घातली आणि घरी येऊन चुलीत टाकली."

आणि ते चेटकिणीचं? ते तिनं विचारलं नाही, पण त्याचं त्याला उत्तर माहीत होतं. चेटकिणीची गोष्ट सांगितली की खरी ओनर आठवावी लागत नसे.

परतीच्या वाटेत फिन्टननं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "ड्रायव्हरसाहेबांची बॅटरी उतरली वाटतं!" नोरीन हॉटेलपाशी उतरताना एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी मला तिच्या थडग्यावर न्या. तुमच्या गाडीतून."

सकाळी भुरभुर पाऊस होता. कबरस्तानाच्या फाटकाशी फिन्टन थांबला. "मी इथंच थांबतो."

"नाही. आत या," ती म्हणाली. "तुम्ही तिला वाचून दाखवलेलं शेवटचं पत्र कुठलं?"

त्याला आठवायला वेळ लागला नाही. "तुम्ही स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला होता. नवरा शिडीवरून पडला होता."

"बरं. मग त्याच्यापुढचं सांगते."

ती थडग्याच्या ओल्या कडेवर बसली आणि आईला सांगत गेली. गाठ सापडली ते. डॉक्टर काय म्हणाला ते. मुलीला दात आले, ती चालायला लागली, आणि तिचं नाव ओनर ठेवलं ते. फिन्टन टोपी हातात धरून उभा होता. अकराही पत्रं त्याला उभ्यानं ऐकावी लागली. ती त्याच्याकडं एकदाही वळली नाही, आणि त्यालाही तेच हवं होतं.

स्टेशनवर त्यानं तिची बॅग उतरवून दिली. क्षमा मागायला तोंड उघडलं, तशी तिनं हात वर केला.

"आज नको. आज मी काही बोलले तर ते खोटं ठरेल." गाडी लागली होती. पायरीवर चढून ती म्हणाली, "आईची पत्रं आहेत माझ्याकडं. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ. 'टपालवाला पोरगा गुणाचा आहे, माझं सगळं बघतो.' अक्षर तुमचंच आहे."

त्याला ती ओळ आठवली. ओनर सांगायची आणि तो लाजत, हसत लिहायचा. "हे कशाला, मिसेस टॅन्सी?" म्हणायचा, आणि ती म्हणायची, "लिही मुकाट्यानं. माझं पत्र आहे, तुझं नाही."

गाडी निघून गेली तरी फिन्टन फलाटावरच उभा होता. स्टेशनमास्तर त्याचा जुना ओळखीचा. त्यानं लांबूनच हाक मारली, "काय रे फिन्टन, कोणाला पोचवायला आलास?"

फिन्टननं टोपी डोक्यावर घातली आणि पावसातून गाडीकडं चालू लागला.